जुन्या थंडरबर्डचं व्हायब्रेशन: नेमकं येतंय कुठून? (नागपूर)

वर्धारोड_थंडर

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५०, २०१३चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, स्पोकची चाकं. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने भरपूर टूर केलेत, त्यामुळे मागे लोखंडी रॅक, पुढे लेग गार्ड, त्यावर दोन जास्तीचे फॉगलॅम्प असा सगळा संसार गाडीसोबतच आला.

शहरात काही त्रास नाही. हायवेला ७०च्या पुढे गेलं की फुटरेस्टमधून तळपायाला झिणझिण्या, सीटखाली घरघर, आणि ८०च्या आसपास हँडल डावी-उजवीकडे थरथरतं. आरशात मागे ट्रक आहे की बस तेही कळत नाही. बुटीबोरी येईपर्यंत उजव्या हाताची करंगळी बधिर झालेली असते.

दोन गॅरेजांत दाखवली. एक म्हणाले क्रँक (पिस्टनच्या वर-खालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) गेला, इंजिन खोलावं लागेल. दुसरे म्हणाले काही झालेलं नाही, ही गाडी अशीच असते. पावसाळा संपला की सावनेर-छिंदवाडा-तामिया मार्गे पचमढीला जायचं घाटतंय, बायको मागे असणार. इंजिन उघडायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल? पान्यांचा साधा सेट आहे, मेन स्टँड आहे, रविवार मोकळा आहे.

तर्री_मारके

काऊन टेन्शन घेऊन राहिले भाऊ? बुलेटच्या खानदानातली गाडी हाये, थरथरणार नाही त काय भजन करन? हलून राहिली म्हणजे चालू हाये, असं समजायचं. आमच्या मामाची गाडी लाल सिग्नलला आपोआप दोन इंच मागे सरकते.

कात्रजचा_घाट

माझ्याकडे हेच मॉडेल होतं. हँडलच्या टोकांना जड बार-एंड लावा, जाड फोमचे ग्रिप घ्या आणि ऑइल जरा जाड, २०डब्ल्यू-५०, टाका. निम्मं व्हायब्रेशन तिथेच संपतं. बाकी सवय.

बेअरिंगवाला

इंजिन उघडू नका एवढ्यात, आणि खरेदीही काही करू नका.

मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, नोकरी सगळी ब्लोअर आणि पंपांच्या थरथरीत गेली. मशीन हलायला लागलं की आम्ही 'किती हलतंय' हे नंतर बघतो, आधी 'कशाच्या फेऱ्यांबरोबर हलतंय' ते बघतो. गाडीलाही तोच हिशेब लावा.

३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. तुमचं मागचं टायर १२०/८०-१८, एका फेरीत साधारण २.०४ मीटर जातं, म्हणजे ८०च्या वेगाला सेकंदाला जेमतेम ११ फेऱ्या. पुढचं ९०/९०-१९ जवळपास तेवढंच. सेकंदाला ५० आणि सेकंदाला ११, हा फरक अंगाला स्पष्ट कळतो. इंजिनचं व्हायब्रेशन बारीक असतं, त्याने मुंग्या येतात आणि आरशातलं चित्र पुसट होतं. चाकाचं ढोबळ असतं, हँडल किंवा सीट हलताना जाणवते, नीट लक्ष दिलं तर ठोके वेगळे कळतात. तुमच्या वर्णनात मला दोन्ही दिसतायत, शिवाय सीटखालची घरघर तिसरीच. एकच आजार आहे असं धरून चाललात तर दोन्ही गॅरेजवाल्यांसारखं होईल.

आता रिकामा सरळ रस्ता बघा, पहाटेची वेळ. ७० धरा, पाचव्या गिअरमध्ये. मग वेग तोच ठेवून चौथ्यात या. वेग बदलला नाही, आरपीएम बदलले. जे व्हायब्रेशन बदललं ते इंजिनच्या बाजूचं, जे तसंच राहिलं ते चाकाच्या बाजूचं. नंतर ८०ला नेऊन थ्रॉटल सोडा, क्लच दाबा आणि गाडी नुसती वाहू द्या. इंजिन आयडलला आलं. तरी हँडल हलतंय? मग इंजिनचा संबंध नाही. दोन्ही हात हँडलवरच हवेत, 'हात सोडून बघू' हा प्रयोग करायचा नाही. शेवटी घरी, मेन स्टँडवर, न्यूट्रलला, हळूहळू आरपीएम वाढवा आणि कोणत्या आकड्याला फुटरेस्ट झणझणतो तो लिहून ठेवा.

हे करून या, मग पुढचं बोलू.

तर्री_मारके

लिहून ठेवा म्हणते. बेअरिंगवाले काका आता गाडीचा ईसीजी काढून राहिले.

आरडी_ची_राणी

काकांच्या चाचण्यांत एक जोडते: रस्ता कोणता ते बघा. नागपुरात आता निम्मे रस्ते सिमेंटचे, आणि सिमेंटवर घेतलेली चाचणी फसवी निघते. त्या काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ६०च्या वेगाला सेकंदाला तीन-चार सांधे चाकाखालून जातात आणि वाटतं चाकच ठोकतंय. शिवाय वर आडव्या रेघा मारलेल्या असतात, त्यांची वेगळी घूं-घूं. शहराबाहेर जिथे चांगलं डांबर मिळेल तिथे जा. हात समृद्धीकडे वळतोय का? तिथे दुचाकीला मनाई आहे, शिवमडक्यावरूनच, जिथे तो सुरू होतो तिथूनच, परत फिरवतील.

आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आपल्याकडच्या उन्हात पहाट आणि दुपार यात १५ अंशांचा फरक सहज पडतो, आणि दर १० अंशांना दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. दुपारी पंपावर भरलेली 'बरोबर' हवा सकाळी कमी निघते.

वर्धारोड_थंडर

करून आलो. डांबरी पट्टा काटोल रोडला गावं मागे पडल्यावर मिळाला, हवा सकाळीच भरलेली.

> चौथा-पाचवा गिअर

फुटरेस्टच्या झिणझिण्या लगेच बदलल्या, चौथ्यात जास्त. हँडलची थरथर मात्र जशीच्या तशी.

> क्लच दाबून

हँडल तरीही हलत होतं, ७२-७३ला आल्यावर कमी झालं. झिणझिण्या गायब. सीटखालची घरघरही गायब, आणि हे मला कळत नाहीये, कारण घरघर न्यूट्रलला नुसतं रेस करूनही येत नाही. फक्त गाडी ओढत असताना येते.

स्टँडवर रेस केल्यावर ३४००च्या आसपास डावा फुटरेस्ट आणि लेग गार्ड दोन्ही एकदम झणझणायला लागतात, ३८००ला परत शांत.

बेअरिंगवाला

तुम्ही तर माझं काम सोपं केलंत. तीन वेगळी माणसं तीन दरवाज्यांतून आत शिरलीत:

हँडल म्हणजे पुढचं चाक, कारण क्लच दाबूनही राहतं. झिणझिण्या इंजिनच्या, पण ३४००ला उठून ३८००ला बसतात म्हणजे इंजिनच्या हलण्यावर कुठलातरी सैल किंवा लांबलेला भाग साथ धरतोय. इंजिनची स्वतःची थरथर आरपीएमच्या वर्गाने वाढते, ती मधेच कमी होत नाही. कमी झाली की समजायचं दुसरं काहीतरी त्या आकड्याला नाचत होतं. आणि घरघर फक्त ओढताना येते म्हणजे चेन, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), मागच्या चाकाच्या हबमधले, म्हणजे मधल्या भागातले, रबर यांच्यापैकी कुणीतरी.

क्रँकचा आऊट (वाकडेपणा) असता किंवा बिग एंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारं बेअरिंग) गेलेलं असतं, तर स्टँडवर सगळ्या आरपीएमला वाढत गेलं असतं, आणि बिग एंडला ठोका ऐकू येतो. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

तर्री_मारके

काका, मंग ते 'गाडी अशीच असते'वाले खोटे काय?

बेअरिंगवाला

अर्धे खरे. या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) ९०. एकच मोठा पिस्टन लांब वर-खाली करतोय. ३००० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला ९ मीटर पडतो, आणि प्रत्येक फेरीला दोनदा तो शून्यावर येऊन उलटा फिरतो. क्रँकवर काउंटरवेट (उलट बाजूचं वजन) असतं, पण त्याने पिस्टनची थरथर पूर्ण मारता येत नाही. पूर्ण मारायला गेलं तर वर-खालीची थरथर पुढे-मागे जाते, एवढंच. म्हणून डिझाइन करणारे साधारण निम्म्यावर थांबतात. उरलेली मारायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागतो. तो तुमच्या यूसीई इंजिनमध्ये (इंजिन-गिअरबॉक्स एकाच पेटीतलं) नाही, २०२०च्या मीटिऑरपासूनच्या नव्या ३५०मध्ये आहे. त्यामुळे नवी गाडी चालवून येऊन 'माझी बिघडली' म्हणायचं नाही.

पण थोडीफार कायमची थरथर असणं वेगळं आणि आरसा पुसट होणं वेगळं. कंपनीतून बाहेर पडताना ही गाडी जेवढी हलत होती तेवढ्यावर आणता येते, त्याखाली नाही.

कात्रजचा_घाट

मग बार-एंड आणि ऑइल यांनी फरक पडत नाही असं म्हणायचंय का? मला स्वतःला पडला होता.

बेअरिंगवाला

बार-एंडने पडतो, नाकारत नाही. वजन वाढलं की हँडलचा पाइप ज्या आकड्याला झणझणतो तो आकडा खाली सरकतो. त्रास ९०ऐवजी ६०ला आला की शहरात राहणाऱ्याला वाटतं वाढला आणि हायवेवाल्याला वाटतं गेला. पण चाकात बिघाड असताना बार-एंड लावणं म्हणजे अलार्मची वायर काढणं. शेवटी लावा.

ऑइलने असमतोल बदलत नाही. जाड ऑइलने टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व उघडणारा भाग) वगैरे आवाज थोडा दबतो आणि कानाला बरं वाटतं म्हणून अंगालाही बरं वाटतं. या इंजिनला कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते, टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑइलवरच चालतात, तेव्हा सांगितलंय तेच टाका. आणि स्वस्त मिळालं म्हणून कारचं तर अजिबात नको. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, घसरायला लागेल. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणारं ऑइल, याची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

आरडी_ची_राणी

पुढचं चाक मी घेते, ते माझं खातं. माझी राजदूत ३५० आहे, तिने मला स्पोकचं सगळं शिकवलं, प्रेमाने नाही.

थंडर भाऊ, पुढचं चाक उचलून धरा. मेन स्टँड लावून इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्या. मग अशा क्रमाने:

टायरच्या कडेला, रिमला लागून, एक बारीक उठावाची गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडालेली दिसली तर टायर रिमवर नीट बसलेलंच नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरनंतर हे हमखास होतं, कारण दुकानदार हवा भरतो, चाक लावतो, मोकळा होतो.

मग चिमट्याला एक सळई किंवा पेन बांधून फोर्कला लावा, टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक हाताने फिरवा. रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली किती जातेय ते दिसतं. एक-दीड मिलिमीटर चालून जातं, तीन-चार असेल तर आऊट काढून घ्या. स्पोक एकेक करून छोट्या पान्याने वाजवा. ताणलेला टण्ण वाजतो, सैल नुसता ठप्प. माझ्या गाडीला व्हॉल्वजवळचे सलग तीन ठप्प होते.

टायरवर बनवल्याची तारीख असते, शेवटचे चार आकडे. १२१७ म्हणजे २०१७चा बारावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुनं टायर कडक होतं. हाताने फिरवून बघा, कुठे फुगवटा किंवा उंच-सखल लागतंय का.

शेवटी फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे ओढा. कट्ट असा खेळ लागला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल. हँडल हळूच एका बाजूकडून दुसरीकडे न्या. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट संपलाय, घट्ट करून उपयोग नाही, बदलायचाच.

वर्धारोड_थंडर

ताई, पहिल्याच पायरीला सापडलं. व्हॉल्वच्या उजव्या बाजूला जवळजवळ वीतभर लांबीत ती रेघ रिममध्ये पूर्ण गायब आहे, आणि समोरच्या बाजूला चांगली चार-पाच मिलिमीटर वर. चाक फिरवलं की टायर स्पष्ट वर-खाली होतंय. रिम मात्र ठीक आहे, मिलिमीटरभर आऊट असेल. दोन स्पोक ठप्प. टायर २०१९चं. कोनसेट ठीक.

आरडी_ची_राणी

मग तुमचं हँडल हे. हवा पूर्ण सोडा, ती कड दोन्ही हातांनी आतल्या बाजूला दाबून मोकळी करा, साबणाचं पाणी फिरवा, भरा. एक-दोनदा सोडून भरावी लागेल. टप्प असा आवाज येऊन रेघ बाहेर येते. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जायचं नाही, तेवढ्यात बसलं नाही तर काढून परत बसवायचं. खरं तर २०१९चं टायर आहे, पचमढीच्या घाटाआधी नवंच घेतलंत तर मी आक्षेप घेणार नाही.

नवं घेताना बाजूला रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्वपाशी ठेवायला सांगा. सहसा ती टायरची हलकी बाजू असते.

बेअरिंगवाला

आणि बसवल्यावर बॅलन्स. दुचाकीला बॅलन्सिंग लागत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. हिशेब सांगतो: रिमवर फक्त २० ग्रॅम जास्त असले तर ८०च्या वेगाला ते सव्वादोन-अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतात, सेकंदाला ११ वेळा, दर वेळी दिशा बदलून. १००ला तोच ओढा साडेतीनच्या पुढे.

मशीन नसेल तर घरी होतं. चाक काढा, ॲक्सल दोन सपाट आधारांवर ठेवा, बेअरिंगला खेळ नसावा. चाक आपोआप फिरून जड बाजू खाली आणतं. वरच्या बाजूला स्पोकच्या निपलला (रिमजवळच्या नटाला) शिशाची तार गुंडाळा, थोडी थोडी. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच राहिलं की झालं. मग ते वजन पक्कं करा. चालत्या गाडीतून सुटलेली शिशाची पट्टी कुठे जाईल सांगता येत नाही.

सीएनसी_पोट्टा

मी मोबाइलने मोजतो, सांगू का? फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतोच, स्पेक्ट्रम, म्हणजे सेकंदाला किती ठोक्यांचं व्हायब्रेशन किती मोठं याचा आलेख, दाखवणारी मोफत ॲप मिळतात. ८०ला ११ हर्ट्झला (सेकंदाला ११ वेळा) आलेखाचं टोक दिसलं तर चाक, ५०च्या आसपास दिसलं तर इंजिन. फोन सेकंदाला किती वेळा मोजतो ते बघा. १०० वेळा मोजणाऱ्याला ५० हर्ट्झच्या वरचं दिसत नाही, आणि खोटीच टोकं दाखवतो. २०० किंवा जास्त हवं.

आरडी_ची_राणी

चांगला फोन हँडलला बांधू नकोस पोट्ट्या. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोटारसायकलच्या इंजिनच्या जोरदार व्हायब्रेशनने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. जुना फोन सीटखाली टेपने चिकटव.

सीएनसी_पोट्टा

जुनाच वापरतो ताई, त्याच्या कॅमेऱ्याने आधीच मान टाकलेली आहे.

हाडवैद्य_२

करंगळीकडे कुणी बघितलं नाही म्हणून मधे पडतोय, फिजिओथेरपी हा माझा व्यवसाय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणाऱ्या नसेवर दाब. त्यात व्हायब्रेशन असतंच, पण हँडलवर रेलून बसणं आणि मूठ आवळणं हेही तितकंच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर ती दुसरी नस, मनगट मागे फार वाकवल्याने. ज्यांचा क्लच-ब्रेकचा लिव्हर खूप वर असतो त्यांना हे होतं. लिव्हर थोडा खाली फिरवून हात आणि मनगट सरळ रेषेत आणा, मूठ सैल ठेवा. उतरल्यावर काही मिनिटांत मुंग्या गेल्या पाहिजेत. रात्री झोपेतही येत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील तर गाडी नंतर, आधी डॉक्टर.

तर्री_मारके

मी मूठ आवळतो कारण गाडी सोडून पळन अशी भीती वाटते.

बेअरिंगवाला

आता मागची बाजू. थंडर भाऊ, मेन स्टँडवर न्यूट्रलला मागचं चाक पाव-पाव फेरी फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी चेनच्या मधोमध खालून वर दाबून ताण पट्टीने मोजा. सगळीकडे सारखा आला तर चेन एकसारखी आहे. एका ठिकाणी कडक आणि दुसऱ्या ठिकाणी ढिली असेल तर ती असमान लांबलेली आहे. सैल जागा बघून ताण दिला की कडक जागा आली की गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि तुमचं बूड दोन्ही ओढलं जातं.

घिसलेली आहे का ते मोजायचं तर २० पिच मोजा, पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर. चेनचा नंबर ५२० असो, ५२५ असो, ५३० असो, पिच १५.८७५ मिलिमीटरच. नवी चेन २० पिचला ३१७.५ भरते. ३२०.७च्या पुढे गेली म्हणजे एक टक्का लांबली, मी तरी टूरला तशी नेणार नाही. दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेत का तेही बघा.

मग मागचं चाक एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्याने स्प्रॉकेट पुढे-मागे फिरवा. आत रबर असतात, त्यांचं काम इंजिनचे झटके गिळणं. नुसता रिकामा खेळ लागला तर ते दगड झालेत. ओढताना घरघर आणि थ्रॉटल उघड-बंद करताना धक् असा आवाज, ही त्यांची खूण.

वर्धारोड_थंडर

चेनचा ताण: सर्वांत कडक जागी १८ मिलिमीटर, त्याच्या समोर ३४. २० पिचला ३२२. स्प्रॉकेटचा खेळ इतका की टक् टक् ऐकू येतंय. चाक काढून बघितलं, रबरांच्या फटीत कुणीतरी जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबलेत.

बेअरिंगवाला

ट्यूबचे तुकडे हा जुना उपाय, रस्त्यात अडकलं तर वाईट नाही. कायमचा मात्र नाही, काही दिवसांनी चुरा होतो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, रबर बदला. नव्या चेनला जुनं स्प्रॉकेट लावलं की ते नवीला आपल्या वळणावर आणतं. चाक बसवताना स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) खुणांवर विसंबू नका, दोन्ही बाजूंना सारख्या नसतात कधीकधी. दोरी मागच्या टायरपासून पुढच्यापर्यंत ताणून चाकं एका रेषेत आणा.

आता राहिले ते ३४००. टाकी काढा, इंजिन ज्या बोल्टांनी फ्रेमला धरलंय ते सगळे बघा, हेडवरच्या (इंजिनचा सर्वांत वरचा भाग) ब्रॅकेटसकट. नुसतं हलवून बघू नका. वॉशरच्या कडेला लालसर पावडर दिसते का ते बघा. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर घासत असले की ती तयार होते, बोल्ट हाताला घट्ट लागला तरी. दुसरं, लेग गार्ड आणि रॅक दोन्ही काढून ठेवा आणि स्टँडवर परत रेस करा.

वर्धारोड_थंडर

लेग गार्ड काढल्याबरोबर ३४००चं झणझणणं निम्म्याहून कमी. खालचा क्लॅम्प फ्रेमवर बसतच नव्हता, मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी होती ती गळून गेलेली, आणि दोन फॉगलॅम्पांचं वजन टोकाला. हेडच्या ब्रॅकेटच्या एका वॉशरभोवती लाल पावडर होती, तुम्ही म्हणालात अगदी तशी, कुंकवाची बारीक रेघ ओढल्यासारखी. बाकी बोल्ट चकचकीत.

कसे आवळू? पूर्ण जोर लावून?

बेअरिंगवाला

नाही हो! अल्युमिनियमचे आटे आहेत, एकदा गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची कॉइल) बसवत बसा. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीने मिळवा, आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या. आधी सगळे माउंटिंग बोल्ट थोडे सैल करा, इंजिनला आपल्या जागी नीट बसू द्या, मग फ्रेमच्या खालच्या बाजूने सुरू करून हेडचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी. तो आधी आवळला तर इंजिन ताणलेल्या अवस्थेतच अडकतं. आवळल्यावर प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या भागावर मार्करने एक सरळ रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

दोन्ही स्पार्क प्लग काढून रंग बघा. ट्विन स्पार्कमध्ये एक प्लग मेला तरी गाडी चालते, खडबडीत चालते एवढंच, म्हणून लक्षात येत नाही. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यातला रबर तडकलाय का तेही बघा, तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ होऊन इंजिन झटके देतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम केलंत तर कशाने गेलं ते कळणार नाही.

वर्धारोड_थंडर

सगळं झालं, म्हणून एकत्र लिहितोय.

पुढे नवं टायर, ट्यूब, सैल स्पोक आवळले, घरीच बॅलन्स केलं, २५ ग्रॅमच्या आसपास तार लागली. ८०ला हँडल शांत. क्लच दाबून, न दाबून, दोन्ही प्रकारे.

नंतर चेन-स्प्रॉकेट आणि रबर. घरघर गेली, आणि मला अपेक्षा नव्हती असा फायदा म्हणजे शहरात तिसऱ्या गिअरला कमी वेगात जे झटके बसायचे तेही गेले. मी ते माझ्या क्लचचं समजत होतो.

मग बोल्ट टॉर्कने, हेडचा ब्रॅकेट शेवटी. लेग गार्ड नव्या रबरासकट बसवला, फॉगलॅम्प दोन्ही काढून टाकले, नाहीतरी कधी लावत नव्हतो. ३४००चं टोक दिसेनासं झालं. एक प्लग काळा निघाला, तोही बदलला.

८५पर्यंत आरशात नंबरप्लेट वाचता येते. ९०च्या वर फुटरेस्टला बारीक झिणझिण्या आहेतच, त्या काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडीच्याच. मी ७५-८०ला चालवणारा माणूस, मला त्या चालतील. करंगळीला हाडवैद्यांच्या सांगण्यावरून लिव्हर खाली केला, अजून थोडं होतं पण बुटीबोरीच्या खूप पुढे गेल्यावर.

कात्रजचा घाट, बार-एंड घेतलेच नाहीत, तुमच्याकडचे पडून असतील तर सांगा.

कात्रजचा_घाट

पडून आहेत, गाडी विकली तेव्हा काढून ठेवले होते. कुरिअरने पाठवतो. ऑइलवर माझं मत अजून कायम आहे.

तर्री_मारके

काका, माझी करिझ्मा हाये, पहिल्या मॉडेलची. ११० नंतर मागून डुलते. अलॉय हाये, स्पोक नाहीत. कुठून सुरू करू? मस्करी नाही करून राहिलो.

बेअरिंगवाला

डुलणं आणि थरथरणं वेगळं. सेकंदाला दोन-तीनदा मागचा भाग डावी-उजवीकडे जात असेल तर स्विंग आर्मचे बुश आणि मागच्या चाकाचं बेअरिंग आधी. मेन स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ कुठे आहे ते हाताला लागेल. मागे बॉक्स लावलाय का आणि त्यात काय भरता तेही सांगा. वेगळा धागा काढा, इथे यांचं काम संपलंय. तोपर्यंत ८०च्या वर नेऊ नका.

थंडर भाऊ, नवी चेन सुरुवातीच्या ५०० किलोमीटरमध्ये थोडी लांबते, आणि आवळलेले स्पोकही बसतात. पचमढीला निघायच्या आधी दोन्ही परत बघा, मार्करच्या रेघांसकट. शिशाची तार पक्की बांधली आहे ना?

वर्धारोड_थंडर

वरून एपॉक्सी लावलंय. चेनचा ताण काल बघितला, चारही ठिकाणी २६-२७.